वाटा, नाव आणि सही: सातारा-सांगलीकडच्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

कराड, पाटण, माण, तासगाव, वाळवा या बाजूला महिलांच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न भावांचे आणि सासऱ्यांचेही आहेत, तेही मुद्दाम ठेवलेत. समानतेवर भाषण ऐकून सगळे टाळ्या वाजवतात. उताऱ्यावर नाव लावायचं म्हटलं की मंडळी पांगतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

भाऊ म्हणतो, "हिस्सा मागितलास तर माहेर तुटलं समज." मग मागायचा कशाला?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. तो विचारणारी बाई बहुतेक वेळा मागे, दाराजवळ बसलेली असते आणि "माझ्या नणंदेचं असं झालंय" म्हणून सुरुवात करते.

आधी कायद्याचं. हिंदू कुटुंबात वडिलांच्या मागे पत्नी, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर वडिलांची आई, हे सगळे सारख्या हक्काचे वारस. समजा वडिलांची चार एकर, मागे आई, एक मुलगा आणि दोन मुली. आजी हयात नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एक एकर. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब लांबचा आहे, कारण मुलगी जन्मानेच हिस्सेदार असते आणि वडिलांच्या हिश्श्यातही तिला पुन्हा वाटा मिळतो. पण या उदाहरणात उत्तर तेवढंच येतं, एक एकर. लग्नाला किती वर्षं झाली, हुंडा किती दिला, लग्नात किती पंगती उठल्या, याचा त्यात काही संबंध नाही. "तुझ्या लग्नात तुझा हिस्सा फिटला" हे वाक्य कुठल्याच कायद्यात नाही.

आता माहेराचं. दरसालच्या भाऊबीजेची साडी आणि एक एकर बागायत यांची बरोबरी होत नाही, हे बहिणीला कळतं आणि भावालाही कळतं. पण बहीण हिस्सा मागते म्हणजे नुसती जमीन मागत नाही. उद्या सासरी बिनसलं तर पाय टेकायला जागा आहे, हे ती बघत असते. ज्या बाईच्या नावावर काहीच नाही तिला "नांद नाहीतर चालती हो" म्हणणं फार सोपं जातं. आमचं मत स्पष्ट आहे: वाटा घ्यायचा की सोडायचा हे बहिणीने ठरवावं, पण आधी उताऱ्यावर नाव लागू द्यावं. नाव लागलं म्हणजे जमीन विकली असं होत नाही. कसायला भावाकडेच ठेवता येते, खंडाने देता येते, पुढे भाच्याला देता येते. एकदा नाव कमी झालं की मात्र यातलं काहीच हातात राहत नाही.

वारस नोंद कशी होते? आम्हाला तर कुणी कळवलंच नाही.

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) वारसांनी कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद होते. अर्जासोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि शपथपत्र लागतं. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो.

घोळ होतो तो वारसांच्या यादीतच. बहिणींची नावं यादीत येतच नाहीत, किंवा येतात आणि समोर पत्ता माहेरचाच असतो. नोटीस माहेरी जाते आणि भावाच्या हातात पडते. म्हणून वडील गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचा उतारा स्वतः काढून बघा. सातबारा ऑनलाइन दिसतो, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. नोंद चुकीची मंजूर झाली असेल तर प्रांताकडे अपील करता येतं. मुदत साठ दिवसांची आहे, उशीर झाला तर कारण द्यावं लागतं.

वडील 1998 सालीच गेले. 2005 चा कायदा आम्हाला लागू होतो का?

होतो. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. तरीही "वडील त्या तारखेला हयात हवे होते" असा वाद वर्षानुवर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल तर मात्र तो उकरता येत नाही. "आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती" हे सांगणं सोपं आहे, पण कोर्टात त्याला भक्कम कागदी पुरावा लागतो.

वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात, हे लक्षात ठेवा. मुस्लिम कुटुंबांत वाटणी वेगळ्या नियमाने होते आणि मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. मिरजेकडच्या बैठकांत बायका सांगतात की तो निम्माही हातात पडत नाही. म्हणजे धर्म कुठलाही असो, दुखणं एकच.

हक्कसोडपत्रावर सही करून बसले आहे. आता काय?

नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ते मोडणं अवघड आहे. फसवून किंवा दमदाटीने सही घेतली असेल तर दिवाणी कोर्टात जाता येतं. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, म्हणून वकिलाकडे आजच जा. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली असेल तर त्याने हक्क जात नाही.

या सह्या कशा होतात ते एकदा बघण्यासारखं आहे. तेरावं उरकलेलं असतं, पाहुणे पांगलेले असतात. भाऊ म्हणतो, "उद्या तालुक्याला जाऊन येऊ, पाच मिनिटांचं काम आहे." दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर कागद आधीच टाइप होऊन तयार असतो. बहिणीला आत बोलावतात, कॅमेऱ्यासमोर बसवतात, अंगठा मशीनवर टेकवायला लावतात. कागद वाचून दाखवायला कुणाला सवड नसते. बाहेर आल्यावर मिसळ, चहा, आणि भाऊ स्वतः एसटीत बसवून देतो. चार एकरांतला एक एकर तिथेच संपतो. त्या क्षणी एवढंच म्हणा: "कागद घरी नेते, वाचते, मग बघू." चांगला भाऊ थांबतो. आणि सोडायचाच असेल तर फुकट सोडायची सक्ती नाही, मोबदला घेऊन, तो कागदावर लिहूनही सोडता येतो.

नवरा जिवंत असताना त्याच्या जमिनीवर, घरावर माझं नाव लागतं का?

लागतं, त्याची तयारी असेल तर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1989-90 च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करावी, असं ते आवाहन. पुढे शासनानेही पतीच्या अर्जावर पत्नीचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. तलाठ्याला "लक्ष्मीमुक्तीचा अर्ज" म्हणून विचारा. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीवर, म्हणजे नमुना आठवर, पतीपत्नी दोघांची नावं लावता येतात. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर होतं. महिलेच्या नावावर घर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ही शेवटची गोष्ट नवऱ्याला आधी सांगा, बाकीच्या मुद्द्यांपेक्षा ती लवकर पटते.

आता कुठे कुणाला मुलगी नको असते? उगाच जुनं उगाळता.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. 285 मुलींनी आपलं नाव बदलून घेतलं. त्या सगळ्यांचं घरी ठेवलेलं नाव एकच होतं: नकोशी, नकुसा. तिसरी-चौथी मुलगी झाली की असं नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही समजूत. त्या मुली आज विशी-पंचविशीत आहेत, ही काही आजीच्या काळातली गोष्ट नाही.

2001 च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 851 मुली होत्या. राज्याचा आकडा 913 होता. हे कृष्णाकाठचं पाणी, ऊस, साखर कारखाने आणि दवाखाने असलेल्या जिल्ह्याचं चित्र आहे. गरिबीने हे होतं म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. जमीन बागायत, घर दुमजली आणि सोनोग्राफी सेंटर जवळ, तिथे मुली कमी झाल्या. मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यात म्हैसाळजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले तेव्हा राज्य हादरलं. चार दिवस मोर्चे निघाले. पण मुलगी म्हणजे जमिनीतली वाटेकरी, हा हिशेब ज्या घरात आहे, तिथे नुसत्या "बेटी बचाव"च्या फलकाने काय होणार?

एक घोटाळा मात्र टाळा. गर्भलिंग तपासणं हा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. गर्भपात हा गुन्हा नाही, ठरावीक मुदतीत आणि मान्यताप्राप्त केंद्रात तो बाईचा हक्क आहे. "सगळेच गर्भपात बंद" असं समजून नडलेल्या बाईला हुसकावून लावलं की ती भोंदूच्या हाती जाते.

मुलीसाठी कोणकोणत्या योजना आहेत?

थोडक्यात. लेक लाडकी: 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठरा पूर्ण झाल्यावर 75,000 रुपये. एकूण 1,01,000. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. सुकन्या समृद्धी: दहा वर्षांच्या आत पोस्टात किंवा बँकेत खातं, वर्षाला किमान 250 रुपये. एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास.

योजना घ्याच. पण अठराव्या वर्षी आलेले पैसे लग्नाच्या मांडवात जाणार असतील तर आपण नेमकं काय वाचवलं, ते एकदा घरात बोला.

बारावीनंतर मुलीला पुण्याला पाठवायची ऐपत नाही. शिवाय वय वाढतं.

ऐपतीचं पहिलं बघू. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक मागास, ओबीसी आणि मराठा प्रवर्गातल्या मुलींना इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. कॉलेज आधी फी भरा म्हणालं तर शासन निर्णयाची प्रत समोर ठेवा. हॉस्टेल आणि खानावळीचा खर्च उरतोच, त्याची तजवीज करावी लागते.

पुणंच हवं असं नाही. कराडला, साताऱ्याला, सांगली-मिरजेला कॉलेजांची कमतरता नाही. रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात उभी राहिली. पुढे वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपल्याकडे शाळेतच सांगतात. एका बाईच्या सोन्यावर लोकांची पोरं शिकली आणि त्याच जिल्ह्यात आपल्या पोरीच्या फीचा विचार पडतो! साताऱ्याची सैनिक शाळा 1961 ची, देशातली पहिली. तिथे मुलींना दार उघडायला 2021 उजाडलं. ज्या जिल्ह्यात घरटी एक जवान आहे अशी गावं आहेत, तिथल्या मुलींना हे माहीत असायला हवं.

वयाचं म्हणाल तर वाढणारच.

मुलगी तालमीत जाते म्हणते. लोक काय म्हणतील?

लोक 2023 पर्यंत बरंच म्हणत होते. त्या वर्षी सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने उचलली. त्याच वर्षी साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली. माणमधल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, आणि सांगलीच्या स्मृती मानधनाबद्दल वेगळं सांगायला नको. लोकांना म्हणू द्या. तालमीत मुलींसाठी वेगळी वेळ, कपडे बदलायची खोली आणि संडास आहे का, एवढं मात्र जाऊन बघा.

द्राक्षबागेत गड्याला जास्त हजेरी, बाईला कमी. "त्याचं काम जड" म्हणतात.

डिपिंगच्या दिवसांत तासगाव-पलूसकडच्या बागेत तासभर उभं राहून बघा. मांडवाखाली मान वर, हात डोक्याच्या वर, एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, हलवायचा, पुढच्या घडाकडे जायचं. पाणी कोपरावरून ओघळून ब्लाउजात उतरतं. संध्याकाळी खांदा उचलत नाही. हे "हलकं" काम. सारख्या कामाला सारखी मजुरी हे कायदा 1976 पासून सांगतो, पण शेतात तपासणीला कुणी येत नाही. जिथे बायकांनी टोळी करून उक्तं काम घेतलं, एकरावर दर ठरवला, तिथे फरक पडला. एकटीने मागितलं की "उद्यापासून येऊ नको" ऐकावं लागतं.

ऊसतोडीत याहून वाईट आहे. आपल्या कारखान्यांवर बीडकडून येणारी जोडपी "एक कोयता" म्हणून मोजली जातात. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाकडे. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही. कोयता पुरा करायला पोरीचं लवकर लग्न लावतात. गर्भाशय काढून घेतलेल्या बायका याच फडांत राबतात, कारण पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही. हा प्रश्न बीडचा म्हणून सोडून देता येणार नाही, त्यातली साखर आपल्या कारखान्यात पडते.

बचतगटाचं कर्ज माझ्या नावावर, पैसा नवऱ्याकडे. हप्ता चुकला की वसुलीच्या मॅडम माझ्या दारात.

अशा वेळी कर्ज घेण्याआधीच गटात विचारा: पैसा कशाला, आणि हातात कुणाच्या? म्हशीसाठी असेल तर दुधाचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होतं? डेअरीचं खातं बाईच्या नावावर करून घेणं हे कर्ज मिळवण्याइतकंच महत्त्वाचं.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. बायकांनी बँक काढायचा अर्ज केला तेव्हा प्रवर्तक निरक्षर, अंगठेबहाद्दर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बायका शिकायला बसल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुम्ही यंत्रावर काढा, बघू कोण आधी सांगतंय. 1997 मध्ये बँक सुरू झाली. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण व्याजाचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या बायका तुमच्याही गटात असतील. त्यांना अध्यक्ष करा.

आमच्या सरपंच ताई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे मालक बसतात.

राज्यात 2011 पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत. खुर्चीवर बसणं, ठराव लिहिणं, सही करणं हे फक्त निवडून आलेल्या व्यक्तीचं काम. मासिक सभेत पतिराजांना बसायचा अधिकार नाही. हे ताईंना एकटीने सांगणं जड जातं, कारण रात्री त्याच घरी जायचंय. सदस्य बायकांनी मिळून ग्रामसेवकाला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) सांगावं.

महिला ग्रामसभा हे दुसरं हत्यार. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावीच लागते. बऱ्याच गावांत ती रजिस्टरातच उरकते: सेविका घरोघर फिरून सह्या घेते. सही करण्याआधी विषय वाचा.

दारू दुकानाचं इथेच सांगतो. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज केला तर गुप्त मतदान घेता येतं. "आडवी बाटली"ला, म्हणजे दुकान बंद करायच्या बाजूच्या चिन्हाला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणून माहेरी गेलेल्या, मुंबईला असलेल्या सुनांना आणायची गाडी आधी ठरवा.

घरात मारहाण होते. पोलिसांत गेलं तर संसार मोडेल.

181 ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला 112. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यासाठी गुन्हा दाखल करावाच लागत नाही. घरातून काढू नये, खर्च द्यावा, जवळ येऊ नये असे आदेश कोर्ट देतं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या, "पायरीवरून पडले" असं सांगू नका. संसार मारणाऱ्याने मोडलेला असतो.

मालक गेल्यावर हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. याला कायदा आहे का?

सांगलीला लागून शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी-मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठराव करणं सोपं, पाळणं बायकांच्याच हातात. पुढच्या संक्रांतीला वाण देताना शेजारच्या घरातही जा.

शेजारी सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलंय. सांगितलं तर वैर येईल.

1098 वर सांगा, नाव गुप्त ठेवतात. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मंडपवाला, आचारी, फोटोवाला यांच्यावरही कारवाई होते, हे मंडपवाल्याच्या कानावर घातलं तर निम्मं काम होतं. लग्न लागून गेलं असेल तरी मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून घेता येतं.

मुलांच्या नावापुढे आता आईचं नाव लावायचं म्हणतात. खरं का?

खरं. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव शासकीय कागदांवर असं लिहायचं: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. जन्मनोंद करताना दवाखान्यात जो फॉर्म देतात, तो बहुतेक वेळा मामा किंवा सासरे भरतात. बाळंतिणीने तो मागून घ्यावा आणि स्वतःचं नाव आधारवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहिलंय ना, ते बघावं. सासरी नाव बदललं असेल तर दोन्ही कागद जवळ ठेवा, नाहीतर पुढे लेक लाडकीच्या अर्जात नावं जुळत नाहीत आणि अंगणवाडीत हेलपाटे पडतात.